वरच्या दाराचा गाळ

शिष्याकडून होणारा पराजय गुरूने मनोभावे इच्छावा, असे आपल्याकडे जुने लोक सांगत आले. सांगणारे थोर होते, आणि ते खरेच सांगत होते. परंतु तो पराजय प्रत्यक्ष दारात येऊन उभा राहतो, तेव्हा त्याला पाटावर बसवायचे की बाहेरच्या बाहेर वाटेला लावायचे, हे ज्याचे त्यालाच ठरवावे लागते. त्या क्षणी विद्वानाला होणारा मत्सर मत्सरासारखा दिसत नाही. तो सत्यनिष्ठेचे उपरणे पांघरून येतो, सावधपणाची भाषा बोलतो, आणि कधी कधी तर काहीच बोलत नाही. न बोलणाऱ्या मत्सराला सर्वांत जपून ओळखावे.

त्र्यंबक उपासनी यांना ही ओळख पटायला उतारवय यावे लागले.

पाठशाळेत न्यायशास्त्र शिकून पुढे विद्यापीठात इतिहासाचे तत्त्वज्ञान शिकवलेला हा मनुष्य. नाशिकला नदीकाठच्या शांत गल्लीत राहणारा, सकाळची संध्या न चुकवणारा. 'इतिहासप्रवाहमीमांसा' हा त्यांचा ग्रंथ एका पिढीने डोक्यावर घेतला होता. सिद्धांत सोपा होता. पाऊस, धान्याचे भाव, व्यापाराच्या वाटा, रोगराई यांचा एक प्रवाह वाहत असतो आणि माणूस ही त्यातली काडी. काडी म्हणते मी वळले. वळलेला असतो तो प्रवाह. पाठ्यपुस्तकांतून वीरपुरुषांची चित्रे गेली आणि पर्जन्यमानाचे तक्ते आले, त्यामागे या ग्रंथाचा मोठा वाटा होता.

मग त्यांची विद्यार्थिनी रेवती सरनोबत हिने 'कारणतुला' नावाचे गणकयंत्र उभे केले.

मूळची कोल्हापूरची ही मुलगी न्यायशास्त्र शिकायला म्हणून त्यांच्याकडे आली आणि संगणकशास्त्राकडे वळली. अन्वय आणि व्यतिरेक ही जुनी कसोटी तिने त्यांच्याच पायाशी बसून ऐकली होती: अमुक असता कार्य घडते, अमुक नसता घडत नाही, तर ते अमुक हे कारण. मडके घडायला कुंभार लागतो, चाक लागते. माती वाहून आणणारे गाढव मात्र कारण नव्हे, कारण माती दुसऱ्या कोणी आणली असती तरी मडके झालेच असते. इतिहासकाराची अडचण अशी, की एकदा घडलेले पुन्हा घडवून पाहता येत नाही. कुंभाराला बाजूला काढून मडके होते का, हे तो तपासणार कसे?

रेवतीने ते तपासण्याची सोय केली. तळ्यांच्या आणि पाटांच्या गाळात त्या त्या वर्षीचे परागकण असतात, पिकांचे अवशेष असतात, माणसांच्या व जनावरांच्या जनुकांचे तुकडे असतात. वाळूचा कण अंधारात गाडला गेला, की भोवतीच्या मातीतील सूक्ष्म किरणोत्सर्ग त्याच्यात साठत जातो. त्यावरून त्या कणाने शेवटचा सूर्य केव्हा पाहिला ते सांगता येते. ही सारी साक्ष, जुनी दप्तरे आणि झाडांच्या खोडांतील वलये एकत्र करून कारणतुला एखादे गेलेले गाव जसेच्या तसे मांडी, आणि मग ते हजारो वेळा चालवून पाही. एकदा पाऊस बदलून, एकदा बाजार बदलून, एकदा एखादा मनुष्य वगळून. काय काढल्यावर काय कोसळते, त्यावरून प्रत्येक कारणाचा वाटा ठरे. लोक त्याला 'कारणांश' म्हणू लागले.

रेवतीची मनोमन अशी श्रद्धा होती, की क्वचित कुठे तरी एकट्या माणसाच्या निर्णयावर सारे फिरलेले सापडेल. अशा जागेला ती 'बिजागरी' म्हणे. परंतु अनेक वर्षे शोधूनही बिजागरी सापडली नव्हती. प्रत्येक वेळी उत्तर येई ते प्रवाहाच्याच बाजूचे, म्हणजे गुरूच्या बाजूचे.

याचा आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. त्र्यंबकरावांनी आयुष्य वेचून जे युक्तिवादाने सिद्ध केले, ते यंत्र दुपारच्या जेवणाआधी सिद्ध करी, आणि शाल रेवतीच्या खांद्यावर पडे. त्यांनाही सभांची आमंत्रणे येत, निवेदक म्हणे, "आणि आज आपल्यात उपस्थित आहेत, रेवतीताईंचे गुरू." टाळ्या चांगल्या पडत. घरी परतल्यावर ते उपरण्याची घडी नेहमीपेक्षा जरा जोराने घालीत.

समाजाने मात्र त्या उत्तराचा भलताच उपयोग चालवला होता. कोसळलेल्या पुलाच्या ठेकेदाराने न्यायालयात सांगितले की माझा कारणांश नगण्य आहे, पाहा पावसाचा किती आहे. नगरसेवक म्हणू लागले, आम्ही काड्या. मुले आईला म्हणत, एकट्याने अभ्यास करून काय होणार, प्रवाहच तसा आहे. एक तत्त्वज्ञान ग्रंथातून उतरून रस्त्यावर आले होते आणि सबब होऊन हिंडत होते.

त्या वर्षी पाऊस ओढ देऊन बसला. मोसम नदीच्या खोऱ्यातील हरणखेडे या गावाने कारणतुलेकडे निवाडा मागितला.

अहवाल घेऊन रेवती आली ती थेट स्वयंपाकघराच्या दारापर्यंत. कुठलाही निष्कर्ष जाहीर करण्यापूर्वी गुरूला दाखवायचा, आणि तिच्या संशोधन केंद्राच्या नियमाप्रमाणे दुसऱ्या विद्वानाची म्हणून त्यांचीच संमती घ्यायची, हा तिचा परिपाठ होता.

"काकू, साटोऱ्या केल्यात? वास फाटकापर्यंत येतोय की!"

"तुझ्यासाठीच केल्यात गं. बस." कुमुदिनीबाईंनी पहिली बशी तिच्या हातात दिली.

"आम्ही मागितल्या की यांचे गुडघे दुखतात," त्र्यंबकराव हसत म्हणाले. हसू ओठांवरच राहिले.

"तुम्ही मागता कुठं? तुम्ही सुचवता," कुमुदिनीबाई म्हणाल्या.

रेवतीने सोबतच्या संगणकाचा पडदा उघडून वृत्तान्त सांगितला. हरणखेड्यात जुनी फडपद्धत अजून चालू होती. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून निघालेला पाट, पाटाला दारे, आणि प्रत्येक दाराखाली सामाईक पाण्यावर पिकणारा शेतांचा एक फड. फार जुन्या एका दुष्काळात आसपासची गावे उठून गेली, हरणखेडे तेवढे टिकले. पाटाच्या शेपटाकडच्या, म्हणजे सर्वांत खालच्या फडाचे लोक सांगत, की त्या वर्षी वरच्या फडाने आपले दार बंद करून पाणी खाली सोडले. म्हणून याही वर्षी सोडावे. वरच्या फडाचे लोक म्हणत, असे कोणी कधी केलेले नाही.

"दार बंद होतं हे खरं निघालं, सर. त्या हंगामाचा चिकण गाळ दारात तसाच सापडला. पण ते बुजलं होतं गाळानं, आपोआप. पाणी खाली गेलं ते त्यामुळं. म्हणजे पुन्हा प्रवाहच." तिने निःश्वास सोडला. "मला वाटलं होतं, या वेळी तरी माणूस भेटेल."

"आणि हे काय?" त्र्यंबकरावांनी छायाचित्रावर बोट ठेवले. कापलेल्या गाळाच्या मध्यभागी ज्वारीच्या दाण्यांचा एक गोळा होता.

"उंदराचा साठा. यंत्रानं तसंच धरलंय."

त्र्यंबकरावांनी चष्मा काढून पुसला. मोसमचे खोरे हे त्यांचे आजोळ. टंचाईच्या एका वर्षी त्यांच्या मामाने काय केले ते त्यांनी लहानपणी पाहिले होते. जो आपली पाण्याची पाळी दुसऱ्यासाठी सोडतो, तो दार लिंपण्याच्या चिखलात स्वतःच्या पेरणीच्या बियाण्याची मूठ कालवतो. दार बुजले नाही, मी बुजवले, हे गावाला कळावे. आणि उद्या मन फिरले तरी बियाणे हातातून गेलेले असावे. 'दाराला बी देणे' म्हणत त्याला. उंदराचे दाणे कुरतडलेले असतात, त्यांत फोलपटे असतात. हे दाणे सगळे अखंड होते. वाहून आलेले दाणे थरांत आडवे पडतात. हे मुठीसारखे एकत्र होते.

हीच ती बिजागरी. रेवती तिच्यासमोरच बसली होती आणि तिला ती दिसत नव्हती.

त्यांच्या मनात प्रथम जे उमटले, तो आनंद होता. दुसऱ्याच्या गुणात दोष हुडकणे अशी असूयेची व्याख्या त्यांनी वर्गात अनेकदा सांगितली होती. दोष हुडकल्यावर जिभेवर येणारी गोडी त्यांनी आज चाखली. तुझ्या एवढ्या मोठ्या यंत्राला माझ्या मामाचा चिखल वाचता येत नाही! मग दुसरा विचार आला, थंड आणि नीटनेटका. आपण बोललो, तर हिला आयुष्यभर शोधलेली वस्तू मिळेल आणि आपला ग्रंथ पडेल. आपण गप्प राहिलो, तर ग्रंथ उभा राहील. आणि कधीतरी, कुणीतरी खोऱ्यातला म्हातारा हिचा उंदीर ओळखून हिचे हसे करील. आपल्याला खोटे बोलावे लागणार नाही. नुसते बोलायचे नाही.

"ठीक आहे," ते म्हणाले. "माझी संमती आहे."

ती गेल्यावर कुमुदिनीबाई बशा उचलता उचलता म्हणाल्या, "काही सांगायचं राहिलं का हो तिला?"

"का?"

"तुम्हाला एखादी चूक सापडली की तुम्ही चष्मा काढून पुसता. आज पुसलात."

"काच मळली होती."

"बरं," कुमुदिनीबाई म्हणाल्या. त्या 'बरं'मध्ये पुढचे दोन दिवस ते घर राहिले.

हरणखेड्यात बंधाऱ्याजवळच्या वडाखाली सकाळी गाव जमले. सरपंचांनी नारळ दिला तो रेवतीला. "आणि हे मॅडमचे गुरू," असे म्हणून त्र्यंबकरावांना खुर्ची दिली. खुर्ची उन्हात होती.

रेवतीने निष्कर्ष सांगितला. वरच्या फडाचे पुढारी यशवंतआप्पा अहिरे मांडीवर थाप मारून उठले.

"ऐकलं ना? गाळानं बुजलं! कोणी दिलं नाही, कोणी घेतलं नाही. आणि हे बसलेत ना शास्त्रीबुवा, यांनी तर पुस्तकात लिहून ठेवलंय, माणूस म्हणजे काडी. आमच्या नातवाला शाळेत होतं ते. मग काडीकडे पाणी मागता कशाला? पावसाकडे मागा."

वरच्या फडाची माणसे हसली. आपले वाक्य आप्पांच्या तोंडून ऐकताना त्र्यंबकरावांना वाटले, आपल्याच अंगणातले रोप कुणीतरी उपटून काठीसारखे हातात धरले आहे.

शेपटाकडच्या फडातली मथुराबाई सोनवणे उभी राहिली. तिची ज्वारी पोटऱ्यात आली होती; एक पाणी मिळाले तर कणीस भरणार होते, नाहीतर वैरण. ती आप्पांकडे वळलीच नाही. रेवतीला म्हणाली, "ताई, आम्हले लहानपणापासून सांगेल शे, वरच्यास्नी दिधं म्हनून आपन वाचनूत. ते खोटं? कोनीच दिधं नव्हतं?"

रेवतीचा चेहरा उतरला होता. हे उत्तर तिला नको होते, हे तिच्या डोळ्यांत लख्ख दिसत होते. जरा संदिग्ध बोलली असती तरी तिला कोणी पकडले नसते.

"जेवढा पुरावा माझ्या हातात आहे, मावशी, त्यात देणारा कोणी दिसत नाही," ती म्हणाली. "मला हवं होतं म्हणून मी तो दाखवू शकत नाही."

आणि तेथे त्र्यंबकरावांना तिचा असा हेवा वाटला, की त्यापुढे आजवरचा हेवा पोरखेळ ठरावा. हा हेवा शालीचा नव्हता, नारळाचा नव्हता. ती स्वतःच्या इच्छेविरुद्ध खरे बोलून हरत होती, आणि ते स्वतःच्या ज्ञानाविरुद्ध गप्प राहून जिंकत होते. असे हरायला तिला त्यांनीच शिकवले होते. ती विद्या आता तिच्याजवळ होती आणि त्यांच्याजवळ नव्हती. कीर्ती दुसऱ्याकडे गेली तर माणूस सोसतो. आपला धर्म दुसऱ्याकडे राहायला गेला, हे सोसवत नाही.

ते उठले.

"रेवती, ते दाण्यांचे छायाचित्र पुन्हा लाव. मोठे करून."

पडद्यावर दाण्यांचा गोळा आला. त्र्यंबकराव गावाकडे वळून म्हणाले, "हे यंत्राने उंदराचे मानले आहे. तुमच्यात कोणी 'दाराला बी देणे' ऐकले आहे?"

कुजबुज झाली. पारावर बसलेला, बराच वेळ डुलक्या घेणारा एक वृद्ध ताठ झाला. "आते नही करत कोनी," तो म्हणाला. "पन हाई मूठ शे. उंदीर इतला इमानदार नही, अख्खा दाना ठेवाले!"

हशा उसळला. त्र्यंबकरावांनी आपल्या मामाचे सांगितले, मुठीचा अर्थ सांगितला. रेवती ऐकता ऐकता पडद्याजवळ गेली. दाण्यांच्या कडेला चिखलात चार उथळ खाचा होत्या. तिने त्यांवर आपली बोटे ठेवून पाहिली.

"हेतू गाळात उतरत नाही, असं मी धरून चालले होते," ती हळूच म्हणाली. "या लोकांनी तो उतरवून ठेवला होता."

तिने तेथेच मांडणी बदलली. दार अपघाताने बुजले, याऐवजी माणसाने बुजवले, असे धरून कारणतुला पुन्हा चालवली. तो एक निर्णय वगळला, की प्रत्येक वेळी गाव उठून जात होते. पाऊस तोच ठेवला तरी, बाजार तोच ठेवला तरी. गाव टिकले होते ते एका मुठीवर.

"म्हणजे आमचाच पूर्वज!" आप्पा नकळत गरजले. "वरचा फड आमचा. पहिला मान आमचा!"

"असेल," रेवती म्हणाली. "किंवा तुमच्या पूर्वजांचा सालदार गडी असेल. किंवा घरातली एखादी सून. नाव सांगता येणार नाही, आप्पा. फक्त हात होता एवढं कळतं."

आप्पा जरासे खाली बसले. मग त्यांनी त्र्यंबकरावांकडे बोट केले. "पण शास्त्रीबुवा, तेव्हा कोणी एकानं केलं म्हणून आता आम्ही करायचं, हा कुठला न्याय? आणि तुमच्या त्या काडीचं काय?"

"काडीचे मी चुकलो," त्र्यंबकराव म्हणाले. शब्द सहज निघाले नाहीत. "सर्वत्र नाही, पण येथे चुकलो, आणि येथे चुकलो म्हणजे ग्रंथ चुकला. राहिला न्याय. आप्पा, इतिहास तुम्हाला बांधत नाही. दार बंद करा असे तो सांगत नाही. 'करता येणे शक्यच नव्हते', एवढी सबब तो तुमच्या हातातून काढून घेतो. पुढचे तुमचे तुम्ही."

आप्पा उठून पाटाच्या काठाशी गेले. अखेर आप्पा बंधाऱ्याकडे पाहत मथुराबाईला म्हणाले, "या पाळीला वरचं दार बंद ठेवतो. या पाळीला. पुढच्या पाळीचं पुढं पाहू. आणि मानाचं नंतर बोलू!"

"मान तुम्हीच ठेवा, आप्पा," मथुराबाई म्हणाली. "आम्हले पानी द्या."

परतीच्या वाटेवर गाडीत रेवती खिडकीशी बसली होती. मग बाहेर पाहतच तिने विचारले, "सर, ते तुम्हाला केव्हा कळलं?"

येथेही काही न बोलणे शक्य होते.

"परवा. तुझ्यासमोर."

तिने मान फिरवली नाही. त्यांनी क्षमेचा शब्द काढला नाही, कारण तो तिच्याकडून काहीतरी मागण्याचाच प्रकार झाला असता. डोंगरांच्या रांगा मागे पडत राहिल्या.

"मी खंडन लिहिणार आहे," ती शेवटी म्हणाली. "तुमच्या सिद्धांताचं. आणि या दोन दिवसांचं काय करायचं, ते मला अजून कळत नाही. मला राग आलाय, सर."

"येऊ दे. आणि खंडन मवाळ लिहू नकोस. मवाळ लिहिलेस, तर मी संमती देणार नाही."

तिला हसू आले असावे. पण तिने ते त्यांना दाखवले नाही. तो अधिकार आता तिचा होता. त्यांच्या अंतःकरणातला जळफळाट विझला होता, असेही नाही. तिच्या खंडनाला टाळ्या पडतील, तेव्हा तो पुन्हा पेटणार, हे त्यांना ठाऊक होते. आता तो पेटला म्हणजे त्याला नावाने हाक मारता येईल, इतकेच.

ज्याने स्वतःच्या शेताची तहान सोसून दुसऱ्याचे पीक राखले, त्या अनामिक हाताला शांती लाभो. ज्यांच्याकडे आज पाणी आहे त्यांना देण्याची बुद्धी, आणि ज्यांच्याकडे नाही त्यांना मागण्याचे धैर्य मिळो. शिष्येची लेखणी तीक्ष्ण राहो, तिचा राग तिला जड न होवो. आणि गुरूला हरताना बसायला सावली मिळो. सर्वांचे कल्याण असो.